वाचकांचे प्रश्न : औषधाला ‘तातडीची मंजुरी’ कोण देतं?

आंब्याला मोहोर फुटल्यापासून आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला आहे. नोंदणीत किंवा लेबलवर नसलेलं कीडनाशक औषध अडचणीच्या वेळी वापरायची सरकारमान्य वाट आहे का? मिळतीजुळती पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : हापूसच्या कलमांवर फुलकिडे (थ्रिप्स) दरवर्षी वाढत चालले आहेत. शिफारशीतली औषधं मारून फरक दिसत नाही. माझा भाचा कॅलिफोर्नियात शेतीच्या कंपनीत आहे. तो सांगतो, तिकडे अशा वेळी राज्य सरकार वेगळ्या औषधाला ‘इमर्जन्सी’ परवानगी देतं. मग महाराष्ट्र शासन का देत नाही? — एक बागायतदार, देवगड

उत्तर : भाचा सांगतो ते खरं आहे, पण त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. तुमच्या बागेला त्यातली दुसरी लागू पडते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

अमेरिकेत कीटकनाशकांसाठी ‘फिफ्रा’ नावाचा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या कलम १८ खाली आणीबाणीची सूट मिळते. अर्ज शेतकरी किंवा कंपनी करत नाही, राज्याचं कृषी खातं करतं. मंजुरी मात्र केंद्राची पर्यावरण संस्था, म्हणजे ईपीए देते. सुटीचे चार प्रकार आहेत. एखाद्या पिकावरच्या विशिष्ट किडीसाठीची सूट जास्तीत जास्त एक वर्ष चालते, बाहेरून शिरलेल्या किडीला अटकाव करण्यासाठीची ३ वर्षांपर्यंत आणि सार्वजनिक आरोग्यासाठीची एक वर्ष. चौथा प्रकार ‘संकट’ सुटीचा. थांबायला वेळच नसेल तर राज्य ईपीएला कळवून १५ दिवसांपुरता वापर सुरू करू शकतं, आणि त्या मुदतीत रीतसर अर्ज गेला तर निर्णय होईपर्यंत तो चालू राहतो. फ्लोरिडात संत्रावर्गीय झाडं ‘सिट्रस ग्रीनिंग’ रोगाने खंगू लागली तेव्हा २०१६ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन ही प्रतिजैविकं याच कलमाखाली वापरायला दिली गेली.

या सुटीची मुख्य अट अशी, की परिस्थिती तातडीची हवी आणि नेहमीची नको. तुम्ही लिहिता ‘दरवर्षी’. तिथेच अर्ज कच्चा पडतो. तीच मागणी तीन वर्षं येत राहिली आणि कंपनीने पूर्ण नोंदणीचा अर्जच केला नाही, तर ईपीए ते अर्जाच्या विरोधात धरते. लहान पिकांसाठीच्या सरकारी संशोधन कार्यक्रमाने ते औषध हाती घेतलं असेल तर ही सवलत पाच वर्षांची होते.

दुसरी वाट त्याच कायद्याच्या कलम २४(क) ची, ‘विशेष स्थानिक गरज’ या नावाची. इथे राज्य स्वतः नोंदणी करतं. औषध देशात नोंदलेलं आहे, पण आपल्या राज्यातल्या अमुक किडीसाठी त्याच्या लेबलवर जागा नाही, अशा वेळी राज्य तो वापर जोडून देतं आणि ईपीएला हरकत घ्यायला ९० दिवस मिळतात. खायच्या पिकासाठी एक अट कडक आहे. त्या औषधाची त्या पिकातली अवशेष मर्यादा (खाण्याच्या मालात औषधाचा किती अंश चालतो ती) आधीच ठरलेली हवी. ती नसेल तर राज्याला काही करता येत नाही. औषध मारताना हे स्थानिक लेबल मारणाऱ्याच्या हाताशी असावं लागतं.

आता तुमची अडचण बघा. समजा, एखाद्या औषधाच्या लेबलवर ‘आंबा, तुडतुडे’ असा दावा आहे. म्हणजे आंब्यातल्या अवशेषांचा विचार झालेला आहे. अडतं ते फक्त फुलकिड्यांपाशी. ही २४(क) सारखी गरज आहे, आणीबाणी नव्हे.

आपल्याकडे राज्याला हा अधिकारच नाही. कीटकनाशक कायदा १९६८ आणि नियम १९७१ यांच्याखाली नोंदणी होते ती फरीदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीकडेच. राज्याकडे विक्रीचे परवाने, निरीक्षक, नमुने तपासणी आणि कलम २७ आहे. त्या कलमाखाली एखाद्या औषधाची विक्री आणि वापर चौकशी होईपर्यंत ६० दिवस थांबवता येतो. २०१७ मध्ये यवतमाळ भागात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा राज्याने पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच औषधं अशीच बंद केली होती. थोडक्यात, राज्याच्या पायाखाली ब्रेक आहे, ॲक्सिलरेटर नाही.

तातडीच्या मोकळिकी आपल्याकडेही दिल्या जातात, पण त्या केंद्रातून येतात. २०१८ मध्ये मक्यावर अमेरिकन लष्करी अळी प्रथम कर्नाटकात सापडली आणि पाठोपाठ महाराष्ट्रात आली, तेव्हा काही औषधांची तात्पुरती शिफारस झाली. २०२० च्या टोळधाडीत ड्रोन वापरायला केंद्रीय कृषी खात्याला विमान वाहतूक मंत्रालयाने सशर्त सूट दिली. अशा तात्पुरत्या मंजुरीसाठी ‘ॲड हॉक’ हा शब्द तुम्ही कृषी सहायकाकडून ऐकला असेल. अशी मंजुरी कीड नवी, झपाट्याने पसरणारी आणि अनेक राज्यांत असली की लवकर हलते. दोन जिल्ह्यांतल्या हापूसवरच्या फुलकिड्यांसाठी ती हलावी असं आम्हालाही वाटतं, पण त्यासाठी आणीबाणीच्या नावाने ओरडण्यापेक्षा लेबल विस्ताराची (लेबलवर नवी कीड किंवा पीक जोडून घेण्याची) मागणी लावून धरणं जास्त फळाला येईल.

प्रश्न : लेबल विस्तारासाठी आमच्या तालुक्यातल्या बागायतदारांनी निवेदनं दिली. पुढे काहीच झालं नाही. कुठे चुकलं? — रत्नागिरी

उत्तर : निवेदनाची प्रत तुम्ही पाठवलीत ते बरं केलंत. त्यात ‘प्रचंड नुकसान’, ‘बागायतदार हवालदिल’ हे आहे, पण एकही मोजणी नाही. नोंदणी समितीपुढे विषय नेणाऱ्याला मोजणी लागते.

दुसरं, लेबल विस्ताराचा अर्ज बागायतदार करू शकत नाही. तो नोंदणीधारक कंपनीने करायचा असतो. त्यासोबत परिणामकारकतेच्या आणि अवशेषांच्या चाचण्या द्याव्या लागतात, आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी, एकाहून अधिक हंगाम घ्याव्या लागतात. त्याला पैसा लागतो. कापूस किंवा भातासाठी कंपनी तो आनंदाने खर्च करते. कोकणातल्या काजू, कोकम, सुपारीसाठी हात आखडता घेते, कारण खप थोडा. म्हणून निवेदन तीन ठिकाणी एकदम जायला हवं : दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे (चाचण्यांसाठी), जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांमार्फत पुण्याच्या कृषी आयुक्तालयाकडे, आणि त्या औषधाच्या नोंदणीधारक कंपनीच्या नियामक विभागाकडे. विक्री प्रतिनिधीला दिलेलं पत्र बहुधा त्याच्या बॅगेतच राहतं.

सोबतच्या फाइलमध्ये काय असावं? आधी कीड कोणती ते पक्कं करा. फुलकिडे ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत घ्या. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका, पेनाची शाई विरघळते. चिठ्ठीवर गाव, तारीख, झाडाची अवस्था (पालवी, मोहोर, कणी) लिहा. देवगडकरांना रामेश्वरचं आंबा संशोधन उपकेंद्र आणि सिंधुदुर्गातल्या इतरांना वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र जवळ पडतं. फुलकिड्यांच्या जाती अनेक आहेत आणि सगळ्या एकाच औषधाला सारख्या दबत नाहीत, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

मग मोजणी. बागेतली १० झाडं ठरवून त्यांना खूण करा. प्रत्येक झाडाच्या चार बाजूंचा एकेक मोहोर पांढऱ्या कागदावर हलकेच झटका आणि पडलेले किडे मोजा. फवारणीच्या आदल्या दिवशी, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. दोन झाडं न फवारता राखा. या दोन झाडांवरूनच सगळा वाद होतो, कारण ती नसतील तर किडे औषधाने कमी झाले की अवकाळी पावसाने, हे सांगता येत नाही. औषधाचं नाव, बॅच क्रमांक, मुदत, प्रमाण, झाडामागे किती लिटर पाणी लागलं, सोबत काय मिसळलं, फवारणीची वेळ, नोझल, सगळं लिहा. बिलाची प्रत जोडा.

शेजारच्या पाच-सहा बागांनी एकाच तक्त्यात ही नोंद ठेवली तर ती हॉर्टसॅप या फळपिकांवरच्या सरकारी कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पाच्या निरीक्षणांशी ताडून पाहता येते आणि अधिकाऱ्याला वर पाठवता येते.

एक कानात सांगतो. अशा नोंदी ठेवल्या की बऱ्याचदा कळतं, औषध निकामी नव्हतं. फुलकिडे मोहोराच्या आत आणि कोवळ्या पानांच्या घडीत बसतात, आणि कोषावस्थेला जमिनीत उतरतात. एका फवारणीने फक्त वरचे मरतात, आठवड्याने खालचे वर येतात. तुडतुड्यांसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या लागोपाठ फवारण्या केल्या तर मित्रकिडे मरून फुलकिडे उलट उफाळतात. आणि एका पिंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, बोरॉन, ‘टॉनिक’ असं पाच प्रकारचं मिश्रण केलं, तर कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

प्रश्न : दुकानदाराने काजूवरच्या ढेकण्यासाठी दिलेल्या बाटलीवर काजूचं नावच नाही. मारलं तर गुन्हा होतो का? — गुहागर

उत्तर : तुमच्यावर गुन्हा होत नाही. कीटकनाशक कायद्याच्या कलम ३८ मध्ये स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी आणि स्वतः कसत असलेल्या जमिनीवरच्या वापराला कायद्यातून वगळलं आहे. ही सूट फार कमी जणांना माहीत असते, आणि ज्यांना माहीत असते त्यातले काही जण तिचा अर्थ ‘काहीही मारा’ असा घेतात. तो चुकीचा आहे. सूट वापरणाऱ्याला आहे. विकणाऱ्याला परवाना लागतो, आणि व्यवसाय म्हणून दुसऱ्यांकडे कीडनियंत्रण करणाऱ्यालाही लागतो. शिवाय काजूबीत अवशेष सापडले तर अन्नसुरक्षेचा कायदा वेगळा आहे. तो कलम ३८ विचारत नाही.

व्यवहारात असं करा. बाटलीसोबतचं माहितीपत्रक उघडा. त्यात पीक, कीड, प्रमाण आणि काढणीपूर्वीचा थांबण्याचा काळ (पीएचआय) छापलेला असतो. काजू नसेल तर दुकानदाराला काजूचा दावा असलेलं औषध मागा. आंब्याच्या मानाने ती थोडी आहेत, पण आहेत. फरीदाबादचं वनस्पती संरक्षण संचालनालय पिकानुसार मंजूर वापरांच्या याद्या त्याच्या संकेतस्थळावर ठेवतं. कृषी सहायकाच्या फोनवर त्या दोन मिनिटांत निघतात. विद्यापीठाची शिफारस आणि ही यादी नेहमी तंतोतंत जुळत नाहीत. माल निर्यातीला किंवा प्रक्रिया कारखान्याला द्यायचा असेल तर यादीला धरून चला.

बिल घ्याच. बॅच क्रमांकाशिवायचं बिल म्हणजे चिटोरं. भेसळीचा संशय आला तर गुणनियंत्रण निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करून सील करतो, आणि प्रयोगशाळेने ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यासाठी दुकानातला न फोडलेला त्याच बॅचचा माल लागतो. तुमची अर्धी वापरलेली बाटली पुरावा म्हणून टिकत नाही.

प्रश्न : समजा केंद्राने एखाद्या औषधाला आंब्यासाठी तात्पुरती मंजुरी दिली. ते मारलेला हापूस युरोपात पाठवता येईल का? — पावस

उत्तर : मंजुरी भारतातल्या वापराची असते. युरोपच्या बंदरावर ती दाखवून उपयोग नाही. तिथे त्या औषधाची आंब्यासाठी मर्यादा ठरलेली नसेल तर सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे १०० टन फळांत मिळून एक ग्रॅम. जपानचाही सरसकट आकडा हाच आहे.

म्हणून निर्यातीची बाग फवारणीच्या आधीच वेगळी काढा आणि मँगोनेट या निर्यातीच्या आंबा बागांच्या ऑनलाइन नोंदणीत नोंदवा. तिथली फवारणी वही रोजच्या रोज भरा, हंगामाच्या शेवटी बसून नव्हे. एकाच शाईत लिहिलेली अख्ख्या हंगामाची वही तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. निर्यातदाराकडून त्या देशाची चालू मर्यादा लेखी घ्या, कारण या मर्यादा बदलतात. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची युरोपातली मर्यादा २०२० मध्ये याच सरसकट आकड्यावर आणली गेली.

शेजारच्या बागेतून उडून आलेला फवारा, आधीच्या औषधाने भरलेली न धुतलेली नळी आणि लेबल नसलेली टॉनिकं, अवशेष सापडण्याची कारणं बहुधा यातच असतात. जैव उत्तेजकांत (म्हणजे अशा टॉनिकांत) कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या (किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या) वर नसावा असं खत नियंत्रण आदेशात २०२१ पासून आहे. ज्या टॉनिकने दोन दिवसांत तुडतुडे पडतात, ते टॉनिक नव्हे हे ओळखा.

युरोपीय देशही आपापल्या शेतकऱ्यांना अशा सवलती देतात. त्यांच्या कायद्यात कलम ५३ खाली १२० दिवसांची तातडीची परवानगी आहे. पण बंदी घातलेल्या निओनिकोटिनॉइड गटातल्या कीटकनाशकाने प्रक्रिया केलेलं बियाणं या वाटेने आत आणता येणार नाही, असा निकाल तिथल्या न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला.

प्रश्न : लेबलवर हेक्टरी मात्रा असते. आमची कलमं जुनी, उंच. २०० लिटरच्या पिंपात किती टाकायचं? — राजापूर

उत्तर : सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच.

समजा लेबल म्हणतं : हेक्टरी ४०० मिली, १००० लिटर पाण्यातून. म्हणजे १० लिटरला ४ मिली, २०० लिटरच्या पिंपाला ८० मिली. हापूस १० बाय १० मीटरवर असेल तर हेक्टरी १०० झाडं, गुंठ्याला साधारण एक. झाडामागे १० लिटर पाणी लागलं तर हिशेब जुळतो. तुमच्या जुन्या कलमाला २० लिटर लागतं. पिंपात ८० मिलीच टाकत राहिलात तर हेक्टरी ८०० मिली गेलं, लेबलच्या दुप्पट. बागायतदार म्हणतो ‘मी तर प्रमाणातच मारलं’, आणि अवशेष मात्र मर्यादेबाहेर.

उलट ४०० मिलीच २००० लिटरमध्ये पसरलंत तर द्रावण १० लिटरला २ मिलीवर येतं. त्याने कीड अर्धमेली राहते आणि औषधाला सरावते.

खरा उपाय छाटणीत आहे. मधली फांदी काढून झाड उघडं केलं, उंची आटोक्यात आणली, की पाणी निम्म्यावर येतं. पाण्याची मोजणी करून पाहा : पिंपात १०० लिटर साधं पाणी घ्या, नेहमीच्या गड्याकडून नेहमीच्या वेगाने फवारून घ्या आणि किती झाडं झाली ते मोजा. पानांवरून पाणी ठिबकायला लागलं की थांबायचं. त्यापुढचं सगळं कातळावरून व्हाळात जातं. पायरेथ्रॉइड मासे-कोळंबीला फार विषारी असतात. खाडीकाठच्या बागांनी पंप व्हाळात धुऊ नये, धुण्याचं पाणी बागेतच पडीक जागी पसरावं. मोहोर फुलल्यावर शक्यतो फवारू नका. टाळता येणारच नसेल तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर.

फवारणीचे गडी नेपाळी असतील तर माहितीपत्रकातला हिंदी भाग त्यांना वाचून दाखवा. बाटलीवरचा त्रिकोण तर कुणालाही कळतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सौम्य.

प्रश्न : नारळाच्या झावळ्या पांढऱ्या माशीने काळ्या पडल्या आहेत. ही तर बाहेरून आलेली कीड. मग हिच्यासाठी तातडीची मंजुरी का नाही? — श्रीवर्धन

उत्तर : ही रुगोस चक्राकार पांढरी माशी. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीजवळ ती प्रथम नोंदली गेली. बाहेरची आहे, झपाट्याने पसरली, तरीही वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या आणीबाणीच्या सुटीचीही दुसरी अट इथे पुरी होत नाही : रसायनावाचून चालणारा उपाय हाताशी नसावा, ही ती अट. एन्कार्सिया नावाची बारीक गांधीलमाशी या माशीच्या पिल्लांत अंडी घालते आणि त्यांना मारते. ती माशीसोबतच इथे पोचली आहे. जोरदार कीटकनाशक मारलं की आधी तीच मरते. काळी पडलेली पिल्लं (त्यांच्या आत एन्कार्सिया असते) असलेल्या झावळ्या जाळू नका, शेजारच्या झाडावर नेऊन बांधा. झावळ्यांवरचा काळा थर ही माशीने सोडलेल्या चिकट्यावर वाढलेली बुरशी असते. पाण्याचा जोरदार फवारा खालच्या बाजूने मारला की माशी आणि चिकटा दोन्ही कमी होतात.

प्रश्न : परदेशातून येताना कोणी औषधाचं पाकीट आणलं तर स्वतःच्या बागेत चालेल ना? कलम ३८ आहेच. — चिपळूण

उत्तर : नाही. कलम ३८ वापराला आहे, आयातीला नाही. भारतात नोंदणी नसलेलं कीटकनाशक आणताच येत नाही. शिवाय त्यावरची मात्रा तिथल्या झाडांची आणि हवेची असते.

प्रश्न : सुपारीवरच्या कोळे रोगासाठी घरी केलेल्या बोर्डो मिश्रणाला लेबल लागतं का? — सावंतवाडी

उत्तर : स्वतःच्या बागेसाठी केलंत तर नाही. करून विकलंत तर लागतं. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लास्टिकच्या पिंपात विरघळवा, १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५० लिटरमध्ये विरवून गाळून घ्या, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता. उलट करू नका. कोयतीचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्याच दिवशी संपवा. पहिली फवारणी मिरगाच्या आधी, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी उघडीप साधून.

प्रश्न : ड्रोनवाले म्हणतात, आता सगळ्या औषधांना मंजुरी आहे. — मालवण

उत्तर : सगळ्या नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने ४७७ नोंदलेल्या कीटकनाशकांना ड्रोनने वापरायची दोन वर्षांची हंगामी मंजुरी दिली. त्या मुदतीत कंपन्यांनी ड्रोनसाठीची माहिती देऊन नोंद पक्की करायची होती. त्यामुळे तुमचं औषध आज मंजूर आहे का, हे ड्रोनवाल्याकडून लेखी मागा. पीक आणि कीड लेबलवरचीच हवी, त्यात ड्रोनने सूट मिळत नाही. हवाई फवारणीला १९७१ च्या नियमांतला ४३ वा नियमही आहे. क्षेत्राची खूण करायची, किमान २४ तास आधी लोकांना कळवायचं, माणसं-गुरं आत येऊ द्यायची नाहीत, आणि धुण्याची व प्रथमोपचाराची सोय ठेवायची. मालवणच्या वाऱ्यात नारळाच्या उंचीवरून सोडलेला फवारा शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत जातो. विहिरी झाकून घ्या, आणि वारा पडलेला असेल तेव्हाच, सकाळी लवकर उडवायला सांगा.